उत्तररंगानंतरचा पूर्वरंग

कीर्तनाचा एक ठरलेला क्रम असतो. आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात. मध्यंतरी बुक्का लागतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, आणि मग उपरणे सावरून बुवा आख्यानाला उभे राहतात. लहानपणी आम्ही देवळात जाऊन बसत असू ते नेमके उत्तररंगाच्या सुमारास. गोष्ट तेव्हा सुरू होई. निरूपण ऐकण्याचे काम आम्ही वडीलधाऱ्यांकडे सोपविलेले असे. पुढे वय वाढले, नोकरीच्या निमित्ताने ते देऊळही सुटले, आणि मग केव्हातरी ध्यानात आले की आख्याने आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत. ती कशासाठी सांगितली जात होती, तेवढे ऐकावयाचे राहून गेले.

अलीकडे पडद्यावर एक नवीन प्रकार रूढ झाला आहे. एखादी कथा लोकप्रिय झाली, संपली, तिचा नायक मेला अथवा म्हातारा झाला, की निर्माते मागे वळतात आणि ती कथा सुरू होण्यापूर्वीची कथा सांगावयास घेतात. इंग्रजीच्या वळणाने आता आपणही तिला प्रीक्वेल म्हणू लागलो आहोत. आमच्या लेखी हा उत्तररंगानंतरचा पूर्वरंग होय. श्रोते आख्यान ऐकून घरी गेलेले असतात. त्यांना पुन्हा बोलावून आणावयाचे आणि निरूपण ऐकवावयाचे, हे काम सोपे नाही. म्हणूनच असा एखादा चित्रपट आला की दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पाहावयाचा कोठे? आणि मुळात पाहावाच कशाला? ‘द मेनी सेंट्स ऑफ न्यूअर्क’ या चित्रपटाविषयी हे दोन्ही प्रश्न आम्हांस एकाहून अधिक स्नेह्यांनी विचारले. त्यांची उत्तरे देण्याच्या मिषाने हा लेख.

ज्या मालिकेचा हा पूर्वरंग, ती ‘द सोप्रानोज’ अमेरिकेतील एचबीओ वाहिनीवर जानेवारी १९९९ मध्ये सुरू झाली आणि जून २००७ मध्ये संपली. तिचे एकंदर ८६ भाग झाले. न्यू जर्सी राज्यातील इटालियन वंशाच्या गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो हा तिचा नायक. खून, खंडणी, जुगार हा त्याचा व्यवसाय. आणि तरीही मालिका सुरू होते ती हा आडदांड माणूस एका मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या समोर अवघडून बसला आहे, येथून. त्याला मधूनच भोवळ येते आणि तिचे कारण त्याला समजत नाही. ते कारण शोधण्यात ८६ भाग खर्ची पडतात. ही भूमिका जेम्स गँडॉल्फिनी या नटाने अशी काही वठविली की पुढे नट आणि पात्र यांना वेगळे करणे प्रेक्षकांना जड जाऊ लागले. जून २०१३ मध्ये रोम येथे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले, तेव्हा पुष्कळांनी मनातल्या मनात टोनी सोप्रानोच्याच नावाने स्नान केले असेल!

चित्रपट निघाला तो २०२१ साली. मालिकेचे जनक डेव्हिड चेस यांनी तो लॉरेन्स कॉनर यांच्यासह लिहिला आणि दिग्दर्शन केले ॲलन टेलर यांनी. पण ज्या एका गोष्टीने सर्वांचे कुतूहल चाळवले ती ही, की तरुण टोनीची भूमिका मायकेल गँडॉल्फिनी याने केली आहे. हा जेम्स यांचा मुलगा. ज्या वर्षी मालिका सुरू झाली त्याच वर्षी त्याचा जन्म, आणि वडील गेले तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. या भूमिकेच्या निमित्ताने तयारी करू लागेपर्यंत त्याने वडिलांची ती मालिका पाहिलेली नव्हती, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. हा मजकूर वाचला तेव्हा आम्ही वर्तमानपत्र क्षणभर खाली ठेवले. बाप कोण होता हे सगळ्या जगाला ठाऊक असावे, आणि मुलाने ते जाणून घ्यावयास बापाच्या पश्चात त्याचेच काम अंगावर घेऊन बसावे, ही घटना कोणत्याही पटकथेपेक्षा अधिक चटका लावणारी आहे.

आता पहिला प्रश्न, कोठे पाहावा हा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी हा चित्रपट अमेरिकेतील चित्रपटगृहांत लागला आणि त्याच दिवशी एचबीओ मॅक्स या सेवेवर घरबसल्याही उपलब्ध झाला. महामारीचे दिवस होते. वॉर्नर ब्रदर्सने त्या वर्षीच्या आपल्या सर्वच चित्रपटांना हा नियम लावला होता. चेस यांना तो मुळीच रुचला नाही आणि त्यांनी तसे उघडपणे बोलून दाखविले. दूरचित्रवाणीसाठी पुष्कळ लिहिलेल्या या गृहस्थांना हे काम अंधाऱ्या प्रेक्षागृहात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहिले जावे असे वाटत होते. लोकांनी मात्र घरातच पाहणे पसंत केले. सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाची तिकीटविक्री साऱ्या जगात मिळून दीड कोटीपर्यंतही पोचली नाही.

आपल्याकडचा प्रकार निराळा. एचबीओचा माल भारतात बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखा फिरत आला आहे. पूर्वी तो हॉटस्टारवर असे. ३१ मार्च २०२३ ला तेथील करार संपला आणि सामान हलले. मग ते जिओसिनेमाकडे उतरले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ही दोन्ही घरेच एक होऊन जिओहॉटस्टार झाले. तेव्हा आमचा सल्ला असा की कोणताही एक पत्ता कायमचा म्हणून वहीत टिपून ठेवू नये. जिओहॉटस्टारवर चित्रपटाचे नाव घालून आधी शोध करावा. तेथे न आढळल्यास ॲपल टीव्ही, यूट्यूब अथवा प्राइम व्हिडिओ यांच्या भाडेविभागांत डोकावावे. ज्यांच्या घरी अजून तबकड्या फिरविणारे यंत्र शाबूत आहे त्यांच्यासाठी तबकडीही निघालेली आहे. चेस यांचे मन राखावयाचे असेल तर दिवे तेवढे मालवावेत.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक सूचना करणे भाग आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी हा चित्रपट पाहू नये, आणि या लेखाचा पुढील भागही तूर्त बाजूस ठेवावा. कथेच्या कालानुक्रमात चित्रपट आधी येतो, म्हणून तो आधी पाहावा, असा हिशेब काहीजण मांडतात. तो साफ चुकीचा आहे. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात एक स्मशानभूमी आहे. थडगी बोलत आहेत. त्यांतून एक आवाज पुढे येतो तो ख्रिस्तोफर मोल्तिसांतीचा, आणि आपणास टोनीने गळा दाबून मारले हे तो तेथेच सांगून टाकतो. मालिकेच्या अखेरच्या पर्वातील सर्वांत भयंकर प्रसंग हा चित्रपट असा उंबरठ्यावरच ओतून मोकळा होतो. मौज अशी की तो प्रसंग ज्या भागात येतो त्याचे दिग्दर्शनही ॲलन टेलर यांचेच होते. ज्याला आपण मारले त्याच्याच तोंडून त्यांनी ही कथा वदविली आहे.

आपणां सरकारी नोकरांना ही पद्धत अपरिचित वाटू नये. नव्या जागेचा कार्यभार घेतला की समोर येणारी जाडजूड फाइल आपण पहिल्या पानापासून थोडीच वाचतो? आधी शेवटची टिप्पणी पाहावयाची, मामला कोठे येऊन अडला आहे ते समजून घ्यावयाचे, आणि मग एकेक पान मागे जात हा घोळ प्रथम कोणी घातला याचा शोध घ्यावयाचा. मागची पाने वाचून निर्णय बदलतोच असे नाही. पण ज्या माणसाला आपण मूर्ख समजत होतो त्याच्या हातात त्या वेळी कोणते कागद होते, हे कळते. पूर्वकथेकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल.

या फाइलच्या मागच्या पानांवर काय आहे? साल १९६७. न्यूअर्क शहर. त्या वर्षीच्या जुलैत एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला गोऱ्या पोलिसांनी पकडून मारहाण केली आणि शहर पेटले. १२ जुलैपासून १७ जुलैपर्यंत दंगल चालली; २६ माणसे मेली. हा इतिहास आहे. या आगीच्या उजेडात चित्रपट आपला खरा नायक दाखवितो, आणि तो टोनी नव्हे. तो आहे ख्रिस्तोफरचा बाप डिकी मोल्तिसांती. इटालियनमध्ये मोल्तिसांती म्हणजे ‘पुष्कळ संत’. चित्रपटाचे नाव म्हणजे या घराण्याच्या आडनावाचाच अनुवाद. मालिकेत डिकी कधी जिवंत दिसत नाही. टोनी त्याच्या आठवणी काढतो त्या एखाद्या दैवताच्या काढाव्यात तशा. चित्रपट ते दैवत समोर आणून उभे करतो, आणि आपण पाहतो तो काय? बापाचा राग येऊन बापालाच मारणारा, दंगलीच्या धुरात त्याचे प्रेत जाळून मोकळा होणारा, पुढे प्रेयसीला समुद्रात बुडविणारा आणि या सर्वांवर उतारा म्हणून काहीतरी चांगले करू पाहणारा एक देखणा, दुबळा मनुष्य. आलेस्सांद्रो निव्होला यांनी तो फार समजुतीने उभा केला आहे.

उणिवा पुष्कळ आहेत. हॅरल्ड मॅकब्रेअर हा डिकीचा कृष्णवर्णीय साथीदार. दंगलीनंतर तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि जुन्या मालकाशी टक्कर घेतो. त्याची कथा इतकी सकस आहे की तिला स्वतंत्र चित्रपट शोभला असता. येथे तिची निम्मी वाट चालून झाल्यावर दिग्दर्शक दुसरीकडे वळतात. मालिकेतील जुनी मंडळी तरुणपणी कशी होती हे दाखविताना काही नटांनी केलेल्या नकला स्नेहसंमेलनात शोभतील अशा झाल्या आहेत. आणि ८६ भागांत जे सावकाश मुरले ते दोन तासांत मुरावे ही अपेक्षाच अवाजवी होती. जाहिरातीने आणखी घोटाळा केला. टोनी सोप्रानोला कोणी घडविले, असे भित्तिपत्रकांवर छापले होते. लोक त्याचे उत्तर घ्यावयास गेले आणि उत्तर सरळ हाती न आल्याने चिडून परतले.

आम्हांस मात्र वाटते की उत्तर तेथे आहे. टोनीचा बाप तुरुंगात जातो. आई तापट आणि दुःखी. मुलगा काही वाईट नाही. आइसक्रीमची गाडी पळवून पोरांना फुकट आइसक्रीम वाटण्याइतपत द्वाड आहे. आईने एकदा आपल्याला जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखविले, ही आठवण तो जपून आहे. तिला बरे वाटावे म्हणून डॉक्टरांनी सुचविलेले औषध कोठून मिळेल याची त्याला काळजी आहे. बाप नसल्याच्या त्या वर्षांत त्याच्याकडे लक्ष देणारा एकच मनुष्य आहे, तो डिकी. डिकी त्याला चोरीच्या मालातले ध्वनिक्षेपक आणून देतो आणि ते घेताना पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो चोरीचा नसतो. पुढे डिकीला कोणी सांगते की त्या मुलाचे भले करावयाचे असेल तर त्याच्यापासून दूर राहा. डिकी ते मनावर घेतो आणि भेटेनासा होतो. मुलाला कारण कळत नाही. तो ते ध्वनिक्षेपक खिडकीतून बाहेर फेकून देतो. अखेर दोघांची भेट ठरते. मुलगा उपाहारगृहात वाट पाहत बसतो. आणि डिकी तेथे कधीच पोचत नाही, कारण त्याच सुमारास घरासमोर त्याला गोळी घातली जाते. मालिकेचा अखेरचा प्रसंग ज्या उपाहारगृहात घडतो तेच हे उपाहारगृह. मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाच्या पोटात येथे खड्डा पडतो.

हे दृश्य यंदा दिवाळीत आम्ही चिरंजिवांच्या शेजारी बसून पाहिले. चित्रपट त्यांनीच आग्रहाने लावला होता. ध्वनिक्षेपकांचा प्रसंग आला तेव्हा ते सहज म्हणाले, “बाबा, मामाने एकदा माझ्यासाठी तुमची सही केली होती.”

येथे थोडा खुलासा हवा. चिरंजीव नववीत गेले त्या वर्षी आमची बदली शिलाँगला झाली. शाळा बदलू नये म्हणून त्यांना पुण्यास त्यांच्या मामांकडे ठेवले, ते बारावी होईपर्यंत. या मासिकाच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. ज्यांच्या घरी हे घडले नाही असे घर आमच्या परिचयात नाही. आम्ही नियमाने पैसे पाठवीत होतो, रविवारी दूरध्वनी करीत होतो आणि मामा दर वेळी सांगत होते, “अभ्यास ठीक चालला आहे.” आता कळले की सहामाहीत गणितात चिरंजिवांची दांडी उडाली होती. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही हवी होती. ते टपालाने शिलाँगला पाठविण्याचे ठरले तेव्हा मुलगा रात्रभर झोपला नाही. सकाळी मामांनी प्रगतिपुस्तक मागून घेतले, आमच्या एका जुन्या पत्रावरील सही समोर ठेवली आणि तिची नक्कल ठोकून दिली. मग वार्षिक परीक्षेपर्यंत रोज रात्री बँकेतून दमून आलेला तो गृहस्थ त्याला घेऊन गणिते सोडवीत बसला.

आमच्यातला अधिकारी प्रथम जागा झाला, हे कबूल केले पाहिजे. खोटी सही! आम्ही विचारले, “आणि हे मला आज सांगतोस?” चिरंजीव म्हणाले, “तेव्हा सांगितले असते तर तुम्ही काय केले असते?” प्रश्नात रोष नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते, आणि आम्हांपाशी ते नव्हते. पडद्यावर तो मुलगा उपाहारगृहात बसून दाराकडे पाहत होता. सही कोणी केली हा प्रश्न केव्हाच मागे पडला. पोराला प्रगतिपुस्तक बापाकडे पाठविण्याची धास्ती का वाटावी, हा पुढे आला. इतके दिवस आम्ही त्या कथेतील बापाकडे, तुरुंगातून सुटून आल्यावर घरात पुन्हा हुकमत गाजवू पाहणाऱ्या त्या मनुष्याकडे, परका म्हणून पाहत होतो. शिलाँगहून सुटीवर आलो की पहिल्याच संध्याकाळी वह्या तपासावयास बसण्याची आमची प्रथा आठवली.

डिकी आणि आमचे मेहुणे यांत कसलेही साम्य नाही, हे सांगावयास नकोच. त्या सज्जन माणसाच्या नावावर आयुष्यभरात तेवढी एकच बनावट सही आहे. पण मुलाच्या जन्मात एक जागा रिकामी पडली की तेथे कोणीतरी येऊन उभे राहते, हे दोन्हीकडे खरे. कोण येईल याची निवड आपल्या हाती नसते. टोनीच्या वाट्याला डिकी आला. आमच्या मुलाच्या वाट्याला मामा आले. यात आमचे कर्तृत्व काहीच नाही.

तेव्हा स्नेह्यांना आमचे उत्तर असे. मालिका पाहिली नसेल तर चित्रपटाच्या वाटेस जाऊ नये. आधी ते ८६ भाग पाहावेत, घाई करू नये. मालिका पाहिली असेल तर चित्रपट एकदा अवश्य पाहावा, आणि घडविणाऱ्याचा शोध घ्यावयाचा असेल तर त्या मुलाची नजर कोणाच्या वाटेकडे लागली आहे तेवढे पाहावे. त्याने आख्यानाचा शेवट बदलत नाही. चित्रपट संपताना शवपेटीतील डिकीसमोर टोनी उभा असतो. करंगळीत करंगळी गुंफून दिलेल्या वचनाचे चित्र त्याच्या मनात उमटते आणि मालिकेचे ओळखीचे संगीत सुरू होते. पुढे काय घडणार ते आपल्याला ठाऊक असते आणि त्याला नसते. पूर्वरंग उशिरा ऐकण्यातला लाभ तो एवढाच.

ते प्रगतिपुस्तक पुण्यास मामांच्या कपाटात अजून आहे म्हणतात. पुढच्या खेपेस जाऊ तेव्हा आम्ही ते मागून घेणार आहोत. सही पाहावयाची आहे. चिरंजीव सांगतात की ती आमच्या सहीपेक्षा सुवाच्य आहे.